सहा फूट चार इंच उंची आणि टूरिंग बाईक: गुडघे ठेवायचे कुठे?

ताडमाड
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

उंची सहा फूट चार इंच म्हणजे १९३ सेंमी, वजन ९४ किलो, बुटाचा नंबर १२. इतकी वर्षं १५० सीसीवर काढली, तिच्यावर मी सर्कशीत सायकल चालवणाऱ्या अस्वलासारखा दिसतो असं घरच्यांचं एकमत होतं. गेल्या दिवाळीला हिमालयन ४५० घेतली. गाडीबद्दल काही तक्रार नाही, इंजिन मस्त, शॉकअप मस्त, अडचण माझ्या हाडांची आहे.

पहिली मोठी राइड पुणे ते सावंतवाडी व्हाया कोल्हापूर, आंबोली. साताऱ्यापर्यंत राजासारखा गेलो, कऱ्हाडच्या आसपास उजव्या गुडघ्यात कळ यायला लागली, आणि कोल्हापूरला चहाला उतरलो तर पाय सरळच होईना. टपरीवाल्या काकांनी स्वतःचं स्टूल दिलं बसायला. मी म्हटलं काका, बसूनच तर आलोय.

आल्यावर सगळे व्हिडिओवाले सांगतात तसे ऑनलाइन ३० मिमीचे हँडल रायझर (हँडलखाली लावून ते उंच करणारे ठोकळे) मागवले आणि पार्किंगमध्ये स्वतःच लावले. गुडघ्याला शून्य फरक. वर एक नवीनच भानगड झाली, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं की क्लच केबल ताणली जाते आणि क्लच आपोआप थोडा दाबल्यासारखा होतो. हे मला कळलं कधी तर सिंहगड रोडला यू टर्न घेताना, गाडीने ऐन वळणात ओढच सोडली आणि झोपली. स्पीड चालण्याइतका पण नव्हता. एक इंडिकेटर गेला आणि समोरच्या वडापाववाल्याकडची सगळी गर्दी गाडी उचलायला आली, म्हणजे इज्जत पण गेली.

आता समोर यादी आहे: फूटरेस्ट खाली करायचं किट, उंच व्हायझर (गाडीची पुढची, वारा अडवणारी काच), नवीन हँडल, जेल सीट, आरशाचे एक्स्टेन्शन. सगळं घेतलं तर वीस बावीस हजाराला फोडणी. डिसेंबरात हंपीला जायचंय. सुरुवात कुठून करू?

निवांत_सदाशिव
उंची कमी करा. दिवे घ्या.

बुटबैंगण
आम्ही पाच फूट तीन इंचवाले इथे सिग्नलला एका पायाच्या अंगठ्यावर बॅले करतोय आणि तुम्हाला पाय जास्त झाले म्हणून दुःख. वाचतोय.

घाटवळण
ताडमाडभाऊ, आधी ते रायझर काढा, आजच. केबल ताणलेली गाडी चालवू नका. आणि परत कधी लावलेत तर गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. तुमच्या गाडीला राइड बाय वायर आहे म्हणजे थ्रॉटलची केबल नाहीच, पण क्लच केबल, पुढच्या ब्रेकचा पाइप आणि स्विचांच्या वायरी आहेत. या तिघांना दोन्ही टोकांना थोडी ढील दिसलीच पाहिजे. ब्रेकचा पाइप ताणला तर क्लचसारखा नुसता फजिती करून सोडणार नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही दुखतंय तिथे औषध लावलंच नाही. बाईकवर माणूस तीन ठिकाणी टेकतो, ढुंगण, पाय आणि हात. गुडघा किती दुमडणार हे सीट आणि फूटरेस्टमधल्या अंतरावर ठरतं, हँडलचा त्यात काडीचा संबंध नाही. पाठ किती वाकणार आणि मनगटावर किती भार येणार हे सीट आणि हँडलवर ठरतं. म्हणजे दोन्हीकडे सीट आलीच. म्हणून आधी सीट, मग फूटरेस्ट, मग गिअर आणि ब्रेकचं पेडल, मग हँडल, आणि व्हायझर सगळ्यात शेवटी, कारण सीट वर गेली की डोकं वर जातं आणि आज घेतलेला व्हायझर उद्या चुकीचा ठरतो. लोक नेमकं उलटं करतात कारण हँडल आणि व्हायझर लावायला सोपं असतं आणि फोटोत दिसतं.

मी सहा फूट दोन आहे, डॉमिनारवर आठ वर्षं काढली, सगळ्या चुका करून झाल्यात.

पहिलं फुकटातलं काम करा. तुमची सीट ८२५ मिमीला आहे ना? तीच सीट बसवायची जागा बदलून ८४५ वर जाते. केलंय का?

ताडमाड
नाही 🙈 शोरूममध्ये कोणी बोललं नाही आणि मी पुस्तक उघडलं नाही.

निवांत_सदाशिव
वीस हजाराची यादी तयार आणि पुस्तक कोरं. अस्सल आपला माणूस.

अस्थिपंजर
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाईक चालवत नाही, पण बाईकवाले भरपूर येतात क्लिनिकला म्हणून लिहिते.

गुडघा बराच दुमडून तासन्‌तास एकाच जागी ठेवला की वाटीचं हाड मागच्या हाडावर दाबलं जातं, ती कळ वाटीच्या मागे किंवा भोवती येते. सिनेमाला अडचणीच्या खुर्चीत बसल्यावर येते तीच. तुमची तशीच आहे का बघा. वाटीच्या बाहेरच्या बाजूला, मांडीकडून खाली येणारी कळ असेल तर प्रकरण वेगळं. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा पायातून बळ गेल्यासारखं वाटत असेल तर बाईकमध्ये खर्च करण्याआधी दाखवून या.

एक सोपं काम करा. भिंतीशेजारी गाडी डबल स्टँडवर लावा, राइडचेच बूट घालून बसा आणि कोणाला तरी बरोब्बर बाजूने, सीटच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. त्या फोटोवर कंबर ते गुडघा आणि गुडघा ते घोटा अशा दोन रेघा मारून कोन मोजा. काटकोनाच्या बराच आत असेल तर दुखणारच. काटकोनाच्या जवळ जाऊ द्या, अगदी पुढे गेलाच पाहिजे असं नाही. आणि कितीही चांगली सीट करा, तासाभराने उतरून दोन मिनिटं चाला. हे कोणी ऐकत नाही.

ताडमाड
ताई, फोटो काढला. ७४ अंश. वाटीच्या मागेच दुखतं, सिनेमावाली कळ, अगदी तीच. हा फोटो बायकोने काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला ते वेगळं.

नानापेठी
सीटचं मी सांगतो, वडिलांपासून हेच काम बघतोय.

कंपनीची सीट मधे खोलगट असते. मध्यम उंचीच्या माणसाला ती खोबण बरी, उंच माणसाला वैरी, कारण त्याला मागे सरकायचं असतं आणि खोबण त्याला परत टाकीकडे आणून सोडते. दर ब्रेकला तुम्ही दोन बोटं पुढे घसरता, गुडघा अजून दुमडतो. तेव्हा नुसती उंची वाढवू नका, खोबण भरून घ्या. बसायची जागा सपाट करा आणि मागची पायरी थोडी मागे घ्या, म्हणजे तीन चार सेंटिमीटर मागे बसता येतं. वर जाण्याइतकाच फायदा मागे जाण्यात आहे.

फोमची गंमत अशी की दुकानात बोटाने दाबून जो मऊ लागतो तो ९४ किलोखाली पापड होतो. तीन सेंटिमीटर मऊ फोम टाकला तर बसल्यावर एक उरतो, आणि दोन तासांनी खालचा सांगाडा टोचतो. खाली रिबॉन्डेडचा (फोमचे तुकडे दाबून केलेला) कडक थर, वर ४० डेन्सिटीचा पातळ थर. पहिल्या दिवशी दगड वाटेल, शिव्या द्याल, पण चौथ्या तासाला आठवण काढाल. कारागीर हेक्सॉ ब्लेडने कापून ग्राइंडरने घासून आकार देतो तेव्हा समोर उभं राहा, आणि कव्हर चढवायच्या आधी नुसत्या फोमवर बसून एक चक्कर मारा. कव्हर चढल्यावर "इथे जरा कमी करा" चालत नाही. पुढे मांड्यांजवळ कडा उतरत्या ठेवा, नाहीतर मांडी फाकते आणि सिग्नलला पाय टेकताना पंचाईत.

शिलाई बसायच्या हाडाखाली येऊ देऊ नका. फोम आणि रेक्झिनच्या मधे प्लास्टिकचा कागद टाकायला लावा, नाहीतर जुलैत ताम्हिणीत एकदा भिजली की शिलाईतून पाणी आत जातं आणि पुढचे चार दिवस दर वेळी बसलं की पँट ओली. जेल पॅडच्या मी विरोधात आहे, उन्हात तासभर गाडी उभी राहिली की तवा होतो. ज्याला आवडतं त्याने घ्यावं.

शेवटचं म्हणजे मूळ सीट फाडू नका. जुनी सीट मिळाली तर तिच्यावर प्रयोग करा.

बुटबैंगण
हेच सगळं उलट करून आमच्यासाठी एक प्रतिसाद येऊ द्या. फोम काढायचा की नाही?

नानापेठी
काढता येतो, पण कडेचा आधी काढा, मधला नंतर. तुमचा पाय अडतो तो सीटच्या रुंदीने, उंचीने नंतर. वेगळा धागा काढा, येतो.

लेथवाला_भोसरी
फूटरेस्टबद्दल. आमच्या शेडमध्ये दर महिन्याला कोणीतरी ब्रॅकेट घेऊन येतो की २५ मिमी खाली करून द्या. मी आधी विचारतो, रबर काढलंत का? बऱ्याच टूरिंग गाड्यांच्या फूटरेस्टवरचं रबर निघतं, खाली लोखंडाचे दाते असतात, सेंटिमीटरभर तिथेच मिळतो. पायाला व्हायब्रेशन थोडं जास्त लागतं, जाड सोलचा बूट असेल तर कळत नाही.

२५ मिमी खाली केलंत तर पसरणी घाटात वळणावर फूटरेस्ट लवकर टेकणार हे धरून चाला, आणि कच्च्या रस्त्यावर दगडाला पण तेच आधी लागणार. शिवाय फूटरेस्ट खाली आलं की गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल आपोआप उंच वाटायला लागतात, ते पण खाली घ्यावे लागतात. वेल्डिंग करून तर अजिबात नको. फूटरेस्टवर उभं राहिल्यावर अख्खा माणूस त्या जोडावर असतो.

रायझर परत लावायचेत तर बोल्टकडे बघा. उंची वाढली की लांब बोल्ट लागतो, आणि लोक जुनाच बोल्ट वापरून दोन आट्यांवर हँडल टांगतात. ८ मिमीचा बोल्ट असेल तर निदान दहा बारा मिमी आत गेलाच पाहिजे. बोल्ट बोहरी आळीत मिळेल, पण डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं बघून घ्या, कोरा बोल्ट नको. आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरावर आवळायचा पाना) पुस्तकातल्या आकड्यावर आवळा. अंदाजे आवळणारे सगळे माझ्याकडे तुटलेला बोल्ट काढायला येतात. धंदा चालतो म्हणा.

सरळमार्गी
हे सगळं कायद्यात बसतं का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्याने आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल.

घाटवळण
बरोबर, म्हणून इंजिन, चासी, रंग याला हात लावत नाही आपण. सीटचा फोम आरसीवर नसतो. पण इन्शुरन्सवाल्याला ॲक्सेसरीज कळवलेल्या बऱ्या, आणि मूळ सगळे पार्ट जपून ठेवा, विकताना कामाला येतात.

निवांत_सदाशिव
आरसीवर मालकाची उंची पण नसते, हे बरं.

ताडमाड
अपडेट देतो, तीन आठवडे लागले.

रायझर काढले. सीट ८४५ वर नेली, दहा मिनिटांचं काम, लाज वाटली. फूटरेस्टचं रबर काढलं. एक जुनी सीट मिळाली ती नाना पेठेत घेऊन गेलो, चाचांनी खोबण भरून साधारण तीन सेंटिमीटर उंची दिली, मी समोर उभा होतो. फोमवर चक्कर मारून आलो आणि म्हटलं पुढून अजून थोडं घासा, त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं, म्हणाले "तुम्हीच करा, मी चहा घेतो." अर्थात मग त्यांनीच केलं. कव्हर, फोम, मजुरी मिळून १९०० रुपये.

परत फोटो. ७४ वरून ८१. ऐकायला सात अंश म्हणजे काहीच नाही, पण परवा पुणे ते महाबळेश्वर जाऊन आलो आणि गुडघ्याची आठवणच आली नाही. वाईत उतरलो ते फक्त मिसळीसाठी.

पण आता नवीन दुखणी. एक, बारा नंबरचा बूट गिअर लिव्हरखाली जातच नाही, वरचा गिअर टाकताना अख्खा पाय तिरका करावा लागतो, डावी पोटरी भरून येते. दोन, ऐंशीच्या पुढे हेल्मेटमध्ये असा आवाज की कोणी पत्रा बडवतंय. तीन, आरशात मला फक्त माझी कोपरं दिसतात.

घाटवळण
एक: गिअर लिव्हरला जोडकाडी असेल तर तिचे दोन्ही नट सैल करून काडी फिरवा, लिव्हर वर खाली होतो. थेट शाफ्टवर असेल तर काढून एक दाता वर बसवा. एकच दाता, दोन नाही. फूटरेस्टवर पाय ठेवून बूट सहज खाली सरकला पाहिजे. तसंच उजवीकडे ब्रेक पेडल बघा, तळवा टेकलेला असताना घोटा न उचलता ब्रेक लागला पाहिजे. पण पेडल हलवलंत तर दोन गोष्टी तपासल्याशिवाय बाहेर पडू नका, पेडलला थोडा मोकळा खेळ आहे ना आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो आणि विझतो ना. माझ्या एका मित्राने खेळ शून्य केला होता, मागची डिस्क खंबाटकीत चढताना तापून वास यायला लागला, त्याला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे.

दोन: तुमचं डोकं आता व्हायझरवरून उडणाऱ्या खळबळीच्या बरोब्बर मधे आलंय. मोकळा सरळ रस्ता बघून, मागेपुढे कोणी नसताना, एका स्थिर स्पीडला सीटवरून हळूहळू अंग उचला. कुठेतरी आवाज एकदम बदलतो, नुसता सरळ वारा लागतो, ती स्वच्छ हवा. मग खाली वाका, काचेच्या आड गेलात की पण आवाज थांबतो. दोन्हीपैकी जवळचं कोणतं? वर चार बोटांत स्वच्छ हवा असेल तर काच अजून छोटी करा, उंच नाही. तुमच्या उंचीच्या माणसाचं डोकं आड जाईल अशी काच म्हणजे रिक्षाची काच लावावी लागेल.

तीन: आरशाचे एक्स्टेन्शन घ्या, तुमच्या यादीतली तेवढी एकच वस्तू खरी.

शॉकअपशास्त्री
सगळे सीट सीट करताहेत, मागच्या शॉकअपचं कोणी बोललं नाही. ९४ किलो अधिक जाकीट, बूट, सामान म्हणजे ११० धरा. कंपनीचं प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) एवढ्या वजनाला धरून नसतं, गाडी मागून बसते, तुम्ही पण मागे कलता आणि मग हात लांब वाटतात म्हणून हँडल जवळ आणावंसं वाटतं. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवून एक्सलपासून वर सीटजवळच्या एका खुणेपर्यंत टेप लावा. मग सगळं सामान अंगावर घेऊन बसा, दोघांनी गाडी सरळ धरा, तिसऱ्याने परत मोजा. तुमच्या गाडीला २०० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे मागचं चाक एवढं वरखाली होतं, त्यातले साठच्या आसपास बसायला हवेत. जास्त बसत असतील तर सी स्पॅनरने (इंग्रजी सीच्या आकाराचा पाना) प्रीलोड वाढवा.

दोन धोके सांगतो. मागून गाडी उचलली की साइड स्टँड आखूड पडतो, गाडी जास्त कलून उभी राहते, उतारावर लावताना जपा. आणि हेडलाइट खाली पडतो, तो परत लावून घ्या.

ताडमाड
शॉकअपशास्त्री, मोजलं, ८२ बसत होते. सासरे, मेव्हणा आणि वॉचमन काका मदतीला होते, सोसायटीत लोकांना वाटलं पूजा आहे. प्रीलोड वाढवून ६३ वर आणलं. आणि खरं सांगू, त्यानंतर हँडलची तक्रारच गेली. रायझर अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत, कोणाला हवेत तर पाव किमतीत घेऊन जा, केबल तपासून लावा.

गिअर लिव्हर वर घेतला, पोटरी गप्प. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर पण हँडलवर थोडे खाली फिरवले, कोपरापासून बोटापर्यंत हात सरळ रेषेत येईल असे. एलन कीचं काम, फुकट, आणि मनगटाला त्यानेच सगळ्यात जास्त आराम.

काचेचं मात्र मान्य करवत नव्हतं. उंच व्हायझर कार्टमध्ये तसाच ठेवून मुळशी रस्त्यावर पहाटे गेलो आणि सांगितलं तसं अंग उचलून बघितलं. जेमतेम तीन बोटं वर गेलो आणि आवाज बंद! घरी येऊन कंपनीची काच सरळ काढून टाकली. आता छातीवर वारा लागतो, पण डोक्यावर पत्रा वाजत नाही, मान हलत नाही. थंडीत काय होईल ते डिसेंबरात कळेल. कार्ट रिकामं केलं.

अस्थिपंजर
छातीवर सरळ वारा घेऊन हँडल घट्ट धरू नका, खांदे आखडतात. आणि इअरप्लग लावा, वाऱ्याचा आवाज कमी झाला तरी हायवेवर कानाला भरपूर असतो.

निवांत_सदाशिव
एकूण हिशोब? वीस हजाराचं काय झालं?

ताडमाड
सीट १९००, जुनी सीट १२००, आरशाचे एक्स्टेन्शन ४५०, इंडिकेटर वेगळा. रायझरचे पैसे अक्कलखाती.

फक्त एक घोळ झालाय. बायको पाच फूट तीन. ती आधी हीच गाडी रविवारी पानशेतपर्यंत न्यायची, ८२५ वर तिचे चवडे टेकायचे. आता नवीन सीट आणि वाढवलेल्या प्रीलोडवर ती चढून बसली तर दोन्ही पाय हवेत. मागे बसली तरी पुढे माझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही म्हणते, आणि ब्रेक मारला की हेल्मेटला हेल्मेट.

बुटबैंगण
वहिनींना आमच्या पक्षात घ्या.

नानापेठी
म्हणूनच म्हटलं होतं मूळ सीट फाडू नका. दोन्ही सीट ठेवा, तिचा रविवार असेल तेव्हा मूळ सीट आणि ८२५.

ताडमाड
तेच सुरू आहे. पण शनिवारी रात्री सीट बदलायची, सी स्पॅनर घेऊन प्रीलोड उतरवायचं, गिअर लिव्हर खाली घ्यायचा, आरसे फिरवायचे, आणि रविवारी संध्याकाळी सगळं उलट. काल ती म्हणाली, तुझी गाडी तुला लखलाभ, मला वेगळी बघ. बुटबैंगण, तो तुमचा धागा काढाच लवकर.